आमेन होईपर्यंत

पप्पांना एका जागी बसवणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात असं माणूस आहे त्यालाच कळेल. त्यांची आठवण विरत गेली आणि पाय मात्र सुटले. जेवता जेवता उठायचे, अर्ध्या आंघोळीतून उठायचे, आणि निघायचे. कुठं? तर चर्चच्या संडे स्कूलला, जिथं जन्मभर त्यांनी पोरांना शिकवलं. "पोरं खोळंबलीत, बाई," असं मला म्हणायचे. बाई! मी त्यांची सख्खी मुलगी, आणि गेलं वर्षभर त्यांच्या लेखी मी कुणीतरी कामाला ठेवलेली बाई. मंगळवार असो की शुक्रवार, यांचा रविवारच. फाटकाची कडी मी तारेनं बांधायचे, ते ती शांतपणे सोडवायचे. बोटं काही विसरली नव्हती.

आमचं घर कोल्हारला, हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. शिर्डीच्या गाड्या, कंटेनर, आणि कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, वर कानठळ्या बसवणारी गाणी. गेल्या हंगामात पप्पा अशाच एका ट्रॅक्टरपुढं जाऊन उभे राहिले. ड्रायव्हरनं कसाबसा ब्रेक मारला आणि खाली उतरून त्यांना नाही नाही ते बोलला. पप्पा त्याला संडे स्कूलच्या पोराला सांगावं तसं म्हणाले, "आधी टोपी काढ." मी धापा टाकत पोचले तोवर सगळं निभावलं होतं, पण त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शिलाई मशीनवर बसले तरी एक कान फाटकाकडं. ब्लाउजची बाही उलटी लावायची, उसवायची, परत उलटीच लावायची. नवरा कारखान्यात सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. दिवसभर आम्ही दोघंच. पुन्हा ऊस सुरू व्हायच्या आत काहीतरी तोड काढायला हवी होती, आणि मला ती सुचत नव्हती.

पावसाळा सरत आला होता. एका सकाळी पप्पा असेच निघाले. मी कणकेचे हात घेऊन मागं धावले, "पप्पा! अहो, थांबा की!" आणि काय आश्चर्य, ते थांबले. माझ्यासाठी कुठले थांबताहेत! फाटकाजवळच्या कढीपत्त्यापाशी उभे राहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"श्श. प्रार्थना चाललीय."

बघते तर फांदीवर एक हिरवागार किडा. बोटाएवढा लांब, मान उंच, पुढचे दोन पाय छातीशी जोडलेले. पप्पा पाय न वाजवता ओट्यावर आले, खुर्चीत बसले, हात जोडले आणि बसूनच राहिले. माझ्या पोळ्या झाल्या, भाजी झाली, एका ब्लाउजला हुक लावून झाले. तरी ते तिथंच! मला रडूच कोसळलं.

यात वेडपट असं काही नव्हतं. ती आमच्या घरची शिस्त. प्रार्थना सुरू झाली की जो जिथं असेल त्यानं तिथं बसायचं आणि आमेन होईपर्यंत हलायचं नाही. पप्पांची प्रार्थना लांबलचक. गावातला प्रत्येक आजारी, परीक्षेला बसलेलं प्रत्येक पोर त्यात यायचं. एकदा आत दूध उतू जात होतं, त्याचा चर्र आवाज बाहेर येत होता, आणि आई बिचारी एक डोळा स्वयंपाकघराकडं लावून हात जोडून बसली होती. मी जरा हलले तर पप्पा स्वतःचे डोळे न उघडता म्हणाले, "डोळे मीट, पोरी." त्यांना कसं दिसायचं देव जाणे. आता त्यांचं बाकी सगळं पुसलं गेलं होतं, ही शिस्त तेवढी राहिली होती. आणि किडा काही आमेन म्हणत नव्हता.

मग मी त्या किड्याच्या मागंच लागले. प्रेमबिम काही नाही, निव्वळ स्वार्थ. त्याचं डोकं तिकोनी, आणि ते असं वळायचं की खांद्यावरून मागं बघावं. किड्यांना मान असते हेच मला माहीत नव्हतं. मोठे डोळे हिरवे, त्यात काळा ठिपका, आणि मी ओट्याच्या ह्या टोकाला असो नाहीतर त्या टोकाला, ठिपका माझ्याकडंच! दिवस मावळला की ते डोळे पार काळेभोर व्हायचे. वारं आलं की तो पानाबरोबर डुलायचा, वारं नसलं तरी थोडा डुलायचा. लबाड.

त्या जोडलेल्या हातांना आतून काटे होते. हे कळलं तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला. एक मधमाशी जवळ आली, आणि पुढं काय झालं ते मला दिसलंच नाही. एवढंच दिसलं की माशी हातात आहे आणि हा ती जिवंत असताना डोक्यापासून खातोय. खाऊन झाल्यावर आमच्या मांजरीसारखे पुढचे पाय चाटूनपुसून साफ केले आणि पुन्हा हात जोडले.

पप्पा खुर्चीतून खवळले. "प्रार्थना चालू असताना खातोस? घरी काही शिकवलं का नाही?" मी हसून हसून बेजार. पण उठले नाहीत, हे महत्त्वाचं.

शेजारच्या मावशी कढीपत्ता न्यायला आल्या, तशी मी आडवी आले. त्यांनी वाकून बघितलं. "अगं बया, खंडोबाचा किडा हाय त्यो! त्याला मारू नगं बरं."

"मी कशाला मारते? तुम्ही फांदी हलवू नका म्हणजे झालं."

"मग माझ्या आमटीला पाला?"

"दुसरीकडून आणा!" मी जवळजवळ ओरडलेच.

"किड्यापायी भांडतीस व्हय गं?" म्हणून त्या फणकारून गेल्या. संध्याकाळी पप्पा अजून खुर्चीत बसलेले त्यांना कुंपणावरून दिसले असावेत. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच्या गोठ्यातल्या माश्या डबीत धरून घेऊन आल्या. मेलेली माशी तो ढुंकून बघायचा नाही, हे आम्हाला दोघींना शिकावं लागलं. जिवंत, पंख धरून त्याच्यापुढं वळवळत धरायची, मग झपकन हिसकायचा. नवरा म्हणाला, "मला कधी एवढ्या हौसेनं वाढलंस?" मी म्हटलं, "तू पप्पांना दिवसभर बसवून ठेव, तुलाही भरवते."

मधले ते दिवस बरे गेले, असं म्हणवत नाही. मला चैन पडेना. आधी पप्पा जातील ही धास्ती, आता किडा जाईल ही. रात्री अंथरुणावर मोबाईलवर वाचलं की ही मादी आहे, मोठ्या पोटाची ती मादीच, आणि थंडीच्या तोंडाशी अंडी घालून मरते. वाचलं नसतं तर बरं झालं असतं! तिचं पोट रोज थोडं फुगत होतं आणि मी दिवस मोजत होते. दिवाळीच्या सुमाराला फांदीला साबणाच्या वाळलेल्या फेसासारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं. ती त्याच्यावर डोकं खाली करून लटकली होती, पोट पार रिकामं. त्यानंतर तिनं माशी घेतली नाही. "खा गं बाई, खा," मी विनवत होते. मी, किड्याला!

ऊस सुरू झाला. रस्त्यावरून पहिल्या ट्रॅक्टरची गाणी ऐकू आली त्याच आठवड्यात मी कुकर लावून ओट्यावर आले, तर कढीपत्त्याची फांदी मोकळी. ती खाली पडली होती, आणि मुंग्या लागल्या होत्या. पप्पांनी मोकळ्या फांदीकडं बघितलं, नीट, स्पष्ट "आमेन" म्हणाले आणि उठले.

मी झाडाच्या पानापानात हात घातला, दुसरी असेल म्हणून. गवतात एक नाकतोडा सापडला, तोच धरून फांदीवर ठेवला. त्यानं एक उडी मारली ती पप्पांच्या सदऱ्यावर. पप्पांनी तो चिमटीत धरून बाजूला केला. "याचं लक्ष नाही," म्हणाले, आणि फाटकाशी गेले. तार सोडवायला लागले.

"पप्पा, नाही जायचं!" मी किंचाळले. कधी नव्हे ते त्यांचा दंड धरून ओढला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्या डोळ्यांत चक्क भीती होती. माझीच भीती वाटत होती त्यांना. "बाई, सोडा. पोरं खोळंबलीत," एवढंच म्हणाले. मी हात सोडला. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर धडधडत गेला. कडी वाजली.

मी तिथंच, फाटकाच्या तोंडाशी, मातीत बसले. हात जोडले, डोळे मिटले. "हे प्रभू," म्हटलं, आणि पुढं काही सुचेना. आई गेल्यापासून मी मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती.

कडीचा आवाज थांबला.

मग मी बोलतच सुटले. मावशींचं नाव घेतलं, त्यांच्या म्हशीचं घेतलं. नवऱ्याची दुखरी पाठ घेतली. राहिलेले ब्लाउज घेतले, ते कुणाकुणाचे तेही सांगितलं. मग म्हटलं, प्रभू, मी थकलेय. मला झोप नाही. मला राग येतो, पप्पांचा येतो, तुझाही येतो. यांना सगळी पोरं आठवतात आणि मीच तेवढी आठवत नाही, हा कुठला न्याय? मी थांबले नाही, कारण थांबले की संपलं. मागं ओट्यावरची खुर्ची करकरली. पप्पा बसले होते.

आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, किती झाल्या ते मला कळलं नाही. वरण खाली लागल्याचा वास यायला लागला. गॅस तरी बंद करावा म्हणून मी जरा हलले, एक डोळा किलकिला केला आणि मागं बघितलं. पप्पा ताठ बसले होते, हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले.

"डोळे मीट, पोरी," ते म्हणाले.

मी मिटले. वरण जळत होतं, जळू दे म्हटलं. आमेन म्हणायची माझी छाती होईना.