तार ढिली होती

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. भुसावळच्या यार्डातल्या सिग्नल केबिनमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. जड लोखंडी लिव्हर ओढायचा, की तारेनं जोडलेला रुळांकडेचा सिग्नल लांबवर पडायचा. घामानं मुठी गंजतात म्हणून लिव्हर कधी नुसत्या हातानं धरायचा नाही, फडक्यानंच धरायचा. निवृत्तीनंतर आम्ही जळगावला आलो आणि वर्षाच्या आत अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात लुळा पडला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, त्यामुळे घरी एक जुना कम्प्युटर होता. डॉक्टरांनी बोटं चालती ठेवायला सांगितली होती. दाबायला दिलेला रबरी चेंडू आबांनी दोनच दिवसांत खिडकीत ठेवून दिला. मग एका रविवारी मी त्यांना मोटारींच्या शर्यतीचा गेम लावून दिला. आबांनी आधी खिशातून रुमाल काढला, बोटांवर नीट घेतला आणि मगच बाणाचं बटण दाबलं. मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

महिन्याभरात हात वळणं घ्यायला लागला. क्लासमधून आले की दारातच ऐकू यायचं, "आज चार वळनं!" जेवतानाही ते उजवा हात पुढे करायला लागले होते.

पण पडद्यावरचं चित्र फाटायचं. रस्ता वरच्या अर्ध्यात वळलेला असायचा आणि खालच्या अर्ध्यात अजून सरळच. विजेचे खांब मधोमध तुटून बाजूला सरकायचे. आबांना त्याचं काही नव्हतं, पण मी पडले मास्तरीण. आपल्या बापानं फाटकं चित्र बघायचं म्हणजे काय! गेममध्ये एक सोय होती, चित्र पूर्ण झाल्याशिवाय पडद्यावर येऊच द्यायचं नाही. मी ती गुपचूप चालू केली. चित्र इस्त्री केल्यासारखं अखंड झालं. आता आबा आपण होऊन शाबासकी देतील म्हणून मी वाट बघत बसले.

चौथ्या दिवशी घरी आले तर कम्प्युटरवर झाकण घातलेलं. आबा डाव्या हातानं भाकरी खात होते.

"आज खेळला नाहीत?"

त्यांच्या पिंपळनेरच्या बोलीत ते हळूच म्हणाले, "बेटा, हात ऐकत नही आते. मी दाबस, अनि गाडी मांघून वळस."

झाकण काढून मी स्वतः बटण दाबलं. गाडी जरा थांबून, विचार करून वळली. जुनं यंत्र, अखंड चित्र जुळवण्याच्या नादात ते माझ्या तरण्या हातालाही तिष्ठत ठेवत होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. चार दिवस आबा आपल्याच हाताला दोष देत बसले होते, आणि मी शाबासकीची वाट बघत होते.

मी सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं.

पण ते म्हणाले, उन्हाळ्यात सिग्नलची तार तापून लांबते. लिव्हर पुरा ओढला तरी सिग्नल अर्धाच पडतो. नवा माणूस घाबरतो, त्याला वाटतं आपल्याच अंगात जोर नाही. अशा किती पोरांना त्यांनी तार ताणायला शिकवलं होतं.

"अनि मीच इसरनू," ते म्हणाले. "तार ढिली व्हयनी व्हती. हात नही."

मग आम्ही दोघं तार ताणायला बसलो. ती सोय मी बंद केली. चित्र पुन्हा फाटायला लागलं, तेव्हा यंत्राचं ओझं हलकं करायला घेतलं. आबांनी ढग काढायला लावले, मग धूर. "झाडं कसाले पाह्यजेत? काढी टाक." चित्रही लहान केलं. दर बदलानंतर ते रुमाल घेऊन एक वळण घ्यायचे आणि मान हलवायचे. शेवटी खाली एक बारीक चीर राहिली, ती काही केल्या जाईना.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "दाबं की वळस ना? बस."

संध्याकाळी ताटावर बसल्यावर त्यांनी उजवा हात पुढे केला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडता मोडता निम्मी ताटाबाहेर पडली. मी उचलायला वाकले, तर त्यांनी मला थांबवलं आणि तो तुकडा त्याच हातानं उचलला.