माहेरी गेलेल्या चादरी

दिवस कलल्याचं कालिंदी तांबेला घड्याळाआधी पायांवरून कळायचं. रे रोडच्या धुलाई कारखान्यात उभं राहून तिची उमेदीची वर्षं सरली होती. परळच्या इस्पितळांतल्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे इथे यायचे, धुवून, घडी होऊन परत जायचे. बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा आईने लोकांची धुणी धरली. "आमच्या घराला कापड काही सुटलं नाही," असं कालिंदी हसून सांगायची. सुपरवायझर झाल्यापासून ते हसणंही कमी झालं होतं. वरून बोलणी आणि खालून रुसवे, दोन्हींची धनीण तीच.

कारखान्यात एक जुनी रीत होती. घडीच्या टेबलावर डाग राहिलेली चादर आली की बाया बोभाटा करत नसत. चादर ट्रॉलीत टाकायची आणि म्हणायचं, "ही चालली गं माहेरी!" धुलाईवाली ती गुपचूप पुन्हा मशीनमध्ये घालायची. कुणाचं नाव नाही, कुणाला बोलणी नाहीत. आज तुझी, उद्या माझी.

मग थोरल्या मालकांनी कारभार मुलाच्या, हर्षवर्धनच्या हाती दिला. त्याने भिंतीला मोठा स्क्रीन लावला आणि प्रत्येक मशीनपाशी एक टॅब दिला.

"कालिंदीबाई, आता अंदाजावर धंदा नाही. परत धुवायला गेलेली प्रत्येक चादर टॅबवर टाका. आकडे बोलतील, आपण ऐकू."

मुलगा भला होता, मनापासून बोलत होता. पण महिनाभर स्क्रीनवर शून्याखेरीज काही उमटलं नाही. हर्षवर्धन वैतागला. "इतकं सगळं स्वच्छ निघतंय, तर साबण एवढा का लागतोय?"

कालिंदी एकेकीपाशी जाऊन बसली. सगळ्याजणी माना डोलवायच्या आणि पुन्हा शून्य टाकायच्या. शेवटी ती धुलाईवरच्या मालनकडे गेली. मालन कुडाळकडची, जिभेने तिखट.

"लिवलं की खापर आमच्याच डोक्यावर फुटतला गो," मालन म्हणाली.

"नाही फुटणार. साहेबांनी सांगितलंय."

"साहेबाचा ऱ्हवांदे. तू सांगतंस काय?"

"मी सांगते. माझा शब्द."

"मग टाकतंय. पण माका बुडवू नको."

मालन खरं टाकायला लागली. तिच्या मशीनचं जुनं झाकण नीट बसत नव्हतं, मधेच पाणी गार व्हायचं, डाग राहायचे. तेही ती टाकायची. बाकीच्या मात्र रीतीला धरून होत्या.

महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये हर्षवर्धनने स्क्रीनवर नावांसकट आलेख लावला. सगळ्यांच्या जागा रिकाम्या आणि मधोमध मालनचा लाल खांब, एकटाच.

"आकडे स्पष्ट आहेत," तो म्हणाला. "सोमवारपासून मालनबाई मळक्या गाठोड्यांवर."

मळकी गाठोडी म्हणजे रक्ताचे, उलटीचे कपडे वेगळे करायचे. तिथून आलेल्या बाईला घास जात नसे. मागून कुणीतरी पुटपुटलं, "घे, लिही अजून." मालनने वळून कालिंदीकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

कालिंदी केबिनमध्ये गेली आणि न विचारताच खुर्चीवर बसली. हर्षवर्धन फोनवर होता. "हो सिस्टर... डाग दिसला? दुसऱ्या पाठवतो लगेच. वर नका ना कळवू, आपसात मिटवू." त्याने फोन ठेवला.

"हे कुठे टाकता साहेब?"

"काय?"

"ही तक्रार. टॅबवर."

"हे माझं मी बघतो ना."

"आमच्या बायाही तेच म्हणतात." तिच्या आवाजात धार नव्हती, धार धरण्याइतकं बळच उरलं नव्हतं. तिने त्याला माहेरी जाणाऱ्या चादरींची रीत सांगितली, एकीचंही नाव न घेता.

हर्षवर्धनने लॅपटॉपवर तो आलेख पुन्हा उघडला. "म्हणजे बाकीची शून्यं खोटी," तो हळूच म्हणाला. मग, "पण सगळ्यांसमोर बोललोय मी. आता माघार घेतली तर माझं कोण ऐकेल?"

"मालन तिकडे गेली तर टॅबचं कोण ऐकेल? शब्द मी दिलाय साहेब. कुणाला तरी पाठवायचंच असेल तर मला पाठवा."

त्याने लॅपटॉप मिटला. "सोमवारी बघू." शनिवार-रविवार कालिंदीने फोन हाताशी ठेवला, पण केबिनमधून निरोप आला नाही.

सोमवारी स्क्रीनवरून नावं गेली होती. फक्त मशीनचे नंबर होते. सगळ्यात वर नवी ओळ होती, मालकांच्या फोनवर आलेल्या तक्रारी, आणि ती लाल होती. मालन तिच्या जागेवर होती आणि झाकण दुरुस्त करणारा माणूस मशीनशी झटत होता. बाया स्क्रीनकडे बघून कुजबुजत होत्या, हसत होत्या. टॅबला मात्र कुणी हात लावत नव्हतं.

मालनही नाही. दुपारी तिच्याकडे डागाळलेली चादर आली. तिने ती टॅबवर न टाकताच बाजूला सारली.

कालिंदीने स्टूल ओढलं आणि तिच्याशेजारी बसली.

"लिव म्हणान सांगूक इलंस?"

"नाही गं. पाय दुखतायत."

"शब्द ऱ्हवलो तुझो," मालन म्हणाली. "पण दोन दिस माझ्या जिवाचा काय झाला, ता खंयच्या टॅबात टाकू?"

कालिंदीने बाजूला सारलेली चादर ओढून घेतली आणि डाग उलगडून बघितला. थोड्या वेळाने मालनने टॅब उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

"तूच टाक आज. माझो हात नाय धजत."

कालिंदीने चष्मा लावला आणि टॅबवर चादर टाकली. उद्याही तिलाच टाकावी लागणार होती, परवाही. तिने चप्पल काढून पाय जरा मोकळे केले आणि पुढच्या ट्रॉलीची वाट बघत तिथेच बसून राहिली.