माझे धडधाकट गुडघे

हे मी कुणालाच बोललेले नाही. नवऱ्याला सांगितलं असतं, पण ते आधीच गेले — आणि त्यांच्या पोटात काही राहायचं नाही, तेव्हा बरंच झालं. लेकाला नाही, बहिणीला नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा तेवढा विषय टाळते. तुम्ही परके, म्हणून तुम्हाला सांगते.

माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही.

हसू नका. म्हणजे हसा, पण पुढचं ऐका.

माझी सून रूपाली. तेव्हा घोडबंदर रोडला एका मोठ्या ऑफिसात होती, हाताखाली बरीच माणसं. अशा लोकांना पुढारी बनवायचं एक शिक्षण असतं — तुम्हाला माहीत असेल, मी चौथी शिकलेली, मला नव्हतं. कंपनी एक सर बोलावते. तो हॉटेलच्या हॉलमध्ये सगळ्यांना गोल बसवतो आणि स्वतःला कसं सुधारायचं ते सांगतो. त्या वेळी म्हणे घरचं एक माणूस घेऊन यायचं होतं. लेकाला, संतोषला, सुट्टी नव्हती. मग मी. डोंबिवलीहून गाडी करून गेलो. मी ठेवणीतली साडी नेसले. मला वाटलं, जेवण असेल. जेवण होतं — पण त्याच्या आधी बरंच काही होतं.

सरांनी पहिला खेळ दिला. घरच्या माणसाबद्दल सगळ्यांसमोर बोलायचं, पण सँडविचसारखं — वर चांगलं, खाली चांगलं, मध्ये दोष. रूपाली उभी राहिली. "आई खूप कष्टाळू आहेत. फक्त त्या कुणाला काही करू देत नाहीत आणि कुणाचं ऐकून घेत नाहीत. पण मन मोठं आहे त्यांचं." टाळ्या पडल्या. सरांनी मधलं तेवढं वाक्य फळ्यावर लिहिलं. वर खाली रेघ मारली. तिचे साहेब, साहेबांची बायको, सगळे माझा दोष वाचत बसलेले.

खोटं असतं तर तिथल्या तिथे तिचं तोंड बंद केलं असतं. खरं होतं हो — म्हणून तर झोंबलं.

मग दुसरा खेळ. विश्वासाचा. एकाने पाठ करून उभं राहायचं, हात छातीशी घ्यायचे, डोळे मिटायचे आणि मागे पडायचं. मागच्याने झेलायचं. सर मला म्हणाले, "आजी, जमेल ना? नाहीतर दुसऱ्या कुणाला उभं करतो." मी म्हटलं, "अरे, हिला काय झेलायचंय? काडी आहे नुसती. तांदळाचं पोतं ओढते मी अजून." लोक हसले. रूपालीही हसली. तिने पाठ केली, डोळे मिटले, आणि — 'आई, आहात ना?' असं विचारलंसुद्धा नाही. सरळ अंग सोडून दिलं.

आणि मी बाजूला झाले.

घसरले नाही. तोल गेला नाही. कुणी धक्का दिला नाही. डावा पाय उचलला, बाजूला ठेवला, उजवा त्याच्याजवळ नेला. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला वाट द्यावी, तशी.

हॉलभर आवाज झाला. तिचं मनगट मोडलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मी काय करावं? गुडघा धरून खाली बसले. "गुडघ्याने दगा दिला गं," म्हणाले. इतकं झटकन सुचलं की माझं मलाच नवल वाटलं. आणि ती — जमिनीवर पडलेली, हात वाकडा झालेला — ओरडतेय काय? "माझं राहू द्या, आधी आईंना बघा!"

तिथे बोलायला हवं होतं. नाही बोलले. भ्याले.

त्यानंतर रोज संध्याकाळी, एक हात गळ्यात अडकवलेला, आणि दुसऱ्या हाताने ती माझ्या गुडघ्याला तेल चोळायची. कोणत्या? तीच तर पंचाईत. मी विसरायचे. कधी डावा पुढे करायचे, कधी उजवा. तिला वाटलं, दोन्ही गेले. डॉक्टरकडे नेलं. त्यांनी एक्स-रे बघितला आणि म्हणाले, "आजी, या वयात असे गुडघे? माझ्यापेक्षा बरे आहेत!" मी खूश होणार, तेवढ्यात रूपाली त्यांच्यावर उखडली, "डॉक्टर, त्या दुखणं बोलून दाखवत नाहीत!" गुडघ्याचे दोन पट्टे घेऊन घरी आलो. ओटा माझ्या हातून गेला. आता खुर्चीत बसून तिची पाणचट आमटी होताना बघते. घरात कुणी नसलं की पट्टे काढून ताडताड जिना उतरते आणि बाजारात जाऊन येते. वॉचमन विचारतो, "काय आजी, आज गुडघे सुट्टीवर?" त्याला मी दिवाळीला फराळ जरा जास्तच देते.

पुढे रूपालीने नोकरी सोडली आणि स्वतःच हे शिकवायला लागली. ठाण्याच्या कॉलेजांत, धंद्याचं शिकणाऱ्या पोरांना. कधी कंपन्यांच्या मॅनेजरांना. पहिल्या भाषणाच्या आदल्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली. "आई, तुमच्या गुडघ्याची गोष्ट सांगू का लोकांना? तुम्हाला कमीपणा वाटत असेल तर नाही सांगत."

याहून चांगली वेळ कोणती येणार होती? ताटात वाढून आली होती. मी म्हटलं, "सांग की. त्यात काय."

आता सगळीकडे तीच सांगते. समोरचा चुकला तरी त्याचा हेतू बघा, अशी काहीशी शिकवण आहे. त्या गोष्टीवर नाव झालंय तिचं. मला पहिल्या रांगेत बसवते. पोट सुटलेले मॅनेजर येऊन पाया पडतात — एक जण तर पायांऐवजी गुडघ्यांनाच हात लावून गेला.

खरं सांगितलं तर काय होईल? गोष्ट जाईल, जाऊ दे, हुशार आहे, दुसरी शोधेल. पण ती घराची चावी, कपाटाची चावी, पोटची पोरगी — सगळं माझ्या भरवशावर टाकून जाते. मागे वळूनही बघत नाही. ते जाईल.

मागच्या महिन्यात कल्याणच्या एका कॉलेजात एका मुलीने माईक घेऊन मला विचारलं, "आजी, मॅडम पडत होत्या तेव्हा तुमच्या मनात काय आलं?" रूपालीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "पोरीला लागू नये, एवढंच आलं बाई." सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. रूपाली डोळे पुसत होती.

मनात आला होता तो एकच शब्द. ती डोळे मिटून माझ्याकडे येत होती, आणि मी मनात म्हणाले होते — पड.