आईने सांगितलेलं लिस्बन

पूर्वजन्म वगैरे गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी विषय बदलते. डेटाबेसचं काम करते, चूक शोधली की सापडते असा अनुभव. म्हणून हे लिहायला वर्ष लागलं...

काहींना आठवत असेल, मी याच ग्रुपवर विचारलं होतं — कमी खर्चात लिस्बन कसं बघायचं? तुम्ही बऱ्याच टिप्स दिल्यात. विमानतळावरून मेट्रो घ्या, हॉटेलऐवजी खोली घ्या. सगळ्या उपयोगी पडल्या. पण एक टिप इथली नव्हती.

तेव्हा आई अकोल्याहून आमच्याकडे जर्सी सिटीला आली होती. आमची तिकिटं आधीच बुक होती आणि तिच्या युरोपच्या व्हिसाला अपॉइंटमेंट मिळेना. पाच दिवस ती एकटी राहणार, वरच्या मजल्यावरच्या काकू येऊन-जाऊन बघणार असं ठरलं. मला फार अपराधी वाटत होतं.

जायच्या आधीच्या शनिवारी दुपारी ती शेंगा निवडत होती. मी आणि निखिल, माझा नवरा, लॅपटॉपवर तिथल्या किल्ल्याचं तिकीट बघत होतो, वरून नदी छान दिसते म्हणून. ती मान वर न करता म्हणाली, "नदी बघायला तिकीट कशाला काढता?" मग सांगत गेली. कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच प्यायची, बसलं की जास्त घेतात. जुन्या वस्तीत बायकांची धुणं धुवायची जागा आहे, तिच्या मागून पायऱ्या चढायच्या. वर छोटं अंगण, संत्र्याचं झाड, निळ्या फरशांचा बाक, त्यातली एक फरशी उलटी बसवलेली. तिथून सगळी नदी दिसते. एखादी बाई माहेरच्या गल्लीचा पत्ता सांगते ना, तसं.

मी गमतीने विचारलं, यूट्यूबवर बघितलंस का? ती गोंधळली. म्हणाली, असेल बाई. नंतर मी तिच्या फोनची हिस्टरी चाळली — भजनं आणि लोणच्याच्या रेसिपी.

लिस्बनला तिसऱ्या दिवशी निखिल म्हणाला, बघूया तरी. धुण्याची जागा सापडली. पायऱ्याही. वर अंगण, झाड, बाक... फरशी उलटीच होती. निखिल खाली बसून त्या फरशीवरून बोट फिरवत राहिला.

मी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे सकाळचे नऊ वाजले होते. तिने आधी नदी बघितली. मग म्हणाली, "डावीकडे वळव फोन." डावीकडे एक दार होतं. ती हळूच म्हणाली, "निळं होतं गं. हिरवं केलं त्यांनी."

तेवढ्यात त्याच दारातून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. निखिलने त्याच्या फोनवर भाषांतर करून त्यांना रंगाचं विचारलं. ते म्हणाले, माझ्या लग्नापासून हिरवंच आहे. मग थोडं थांबून कडेचा सुटलेला पोपडा त्यांनी नखाने काढून दाखवला. खाली निळा रंग होता.

मी विचारलं, "आई, तुला कसं माहीत?"

"मला काही माहीत नाही गं," ती म्हणाली. "नुसती आठवण येते."

कॉल बंद झाला तेव्हा ती डोळे पुसत होती. आम्ही परत आल्यावर तिने काही विचारलं नाही, मीही तिला खोदून विचारलं नाही. ती आयुष्यात अकोला, पुणे आणि जर्सी सिटी सोडून कुठे गेलेली नाही. नोकरी कृषी खात्यात, टायपिस्टची. आमच्या घराण्यात कुणाचाही तिकडे संबंध नाही. शोधलं, नातेवाइकांना विचारलं, काहीच हाती लागलं नाही.

ती आता अकोल्याला परत गेली आहे. यंदा मी तिला फोनवर म्हटलं, मुंबईहून व्हिसा काढू, आपण दोघीच जाऊ, बाकावर बसू.

"नको," ती म्हणाली. "गेले तर परत यावं लागेल."