कृष्णरावांना पोहता येतं

तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या, कुंभकोणमच्या कृष्णरावांना मराठीचा जो उपयोग सापडला होता, तो महाराष्ट्रात राहून कुणाला सापडणं शक्य नाही. पस्तीस वर्षं त्यांनी सहकारी सोसायटीत कारकुनी केली, पण समोरच्याबद्दल मनात आलेलं मनात ठेवणं काही जमलं नाही. म्हणून ते तमिळमध्ये गोड बोलत आणि खरं काय ते त्याच माणसादेखत बायकोला, सीतालक्ष्मीला, मराठीत सांगत. पापनाशमच्या बसमध्ये एकदा शेजारच्याच्या मिशीवर ते सबंध वाटभर बोलले, आणि उतरताना त्या भल्या माणसाने त्यांना नमस्कार केला.

तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या मुलाने, मुरलीने, भवानीशी लग्न केलं. मुलगी तमिळ. मग काय, घरातच सोय झाली! जेवताना तिला तमिळमध्ये म्हणायचं, "रसम उत्तम हो!" आणि लगेच सीतालक्ष्मीकडे वळून, "अस्कं खारट केलंय पोरीनं, थेंबन्‌थेंब."

सुनेवर छाप पाडायची तीही तमिळमध्येच. भरल्या कावेरीत उडी टाकून आपण पैलतीर कसा गाठायचो, हे त्यांनी तिला निदान दहादा सांगितलं होतं. वास्तविक हा गृहस्थ जन्मात घाटाच्या तिसऱ्या पायरीखाली उतरलेला नाही. अंघोळ करायची ती तांब्याने. पण सासऱ्यांना मामा म्हणणारी भवानी डोळे मोठे करून ऐकायची, आणि कृष्णरावांना त्याची चटक लागली होती.

पिचावरमच्या सहलीचा बेत भवानीचाच. सकाळी समुद्रकाठी पायपीट झाली, मग खारफुटीच्या जंगलात कयाक, म्हणजे आपणच वल्हवायची चिंचोळी होडी. धक्क्यावर गाइडने विचारलं, "पोहता कुणाला येतं? येत नसेल त्यांनी नावाड्याच्या मोठ्या होडीत बसा." सीतालक्ष्मी आणि मुरली निमूट मोठ्या होडीकडे वळले. भवानी सासऱ्यांकडे बघत होती. कृष्णरावांचा हात वर गेला. मग तिचाही गेला.

पुढे आपल्या कयाकमध्ये गाइड, त्याच्यामागे या दोघांची. कृष्णराव पुढच्या जागेवर, भवानी मागे. अंगात नारिंगी लाइफ जॅकेट होतं, पण त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दोन्हीकडून मुळं जवळ येऊ लागली, कयाक जरा कलली, आणि कृष्णरावांच्या पाचावर धारण बसली. मोठी होडी बाजूने चालली होती. चेहरा हसरा ठेवून ते मराठीत ओरडले, "सीते, मज पोहाया येत नाहीं! मी मरतो इथं! पण पोरीस सांगू नको!"

"नाहीं सांगत," सीतालक्ष्मी म्हणाली. "तुमी हलू नका म्हणजे झालं." मोठी होडी पुढे निघून गेली.

मागून आवाज आला, "मामा, हळू बोला."

चक्क मराठीत, आणि तेही त्यांच्या घरच्या मराठीत. कृष्णरावांना तीन महिन्यांतलं एकेक जेवण आठवलं. रसम आठवलं, तिच्या बापाच्या टकलावर आपण केलेलं भाषण आठवलं. पाण्याची भीती क्षणभर दुसऱ्या नंबरावर गेली.

"तुज कळतं?"

"पहिल्या महिन्यापासून. तुमी रोज इतकं बोलता, शिकवाया दुसरं कोण लागतं?"

"आणि कावेरीचं... ते खोटं म्हणून..."

"ते आत्ता कळलं," भवानी म्हणाली.

कृष्णरावांना लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. मान वळवायचं धाडस नव्हतं, म्हणून ते समोरच्या पाण्याकडे बघत बसले.

"मामा, गाइडास मराठी येत नाहीं ना?"

"नाहीं."

"मग सांगते. पोहाया मज पण येत नाहीं. तुमी हात वर केलात, म्हणून मी केला. म्हटलं, बुडालेच तर मामा हायेत."

एवढ्यात गाइडने वळून तमिळमध्ये विचारलं, "सगळं ठीक ना, सर?"

"फर्स्ट क्लास!" कृष्णराव तमिळमध्येच गरजले. मग ओठ न हलवता त्यांनी मनातलं खरं पहिल्यांदाच थेट सुनेला मराठीत सांगितलं.

"पोरी, माझी बोबडी वळलीय. तू वल्हव, मी देवाचं नाव घेतो."