फाटकावरचा लाल आकडा

आकडा एक होता. लाल गोल, आत पांढरा एक. त्या एकापायी माझ्या शेजारच्या काकूला बुटीबोरीच्या सूतगिरणीत पॅकिंगमधून उचलून ब्लो-रूममध्ये टाकणार होते. ब्लो-रूममध्ये कापसाच्या गाठी फोडतात, आणि तिथल्या हवेत हवा कमी, तंतू जास्त. काकूला दमा आहे. तिच्या पर्समध्ये पंप असतो. हे गिरणीला माहीत होतं. अन्याय पहिल्या परिच्छेदातच सांगून टाकायचा, ही पत्रकं लिहून लागलेली सवय आहे, म्हणून सांगून टाकला.

गिरणीनं सगळ्या बायकांच्या फोनवर एक चॅट अ‍ॅप टाकायला लावलं होतं. पाळी बदलली, सुट्टी मंजूर झाली, सगळं त्यावर यायचं. इथवर ठीक. पण रोज सकाळी फाटकावर सुपरवायझर उभा राहायचा आणि प्रत्येकीनं अ‍ॅप उघडून फोन त्याच्या नाकासमोर धरायचा. लाल आकडा दिसला की वहीत शेरा: सूचना वाचली नाही. तीन शेरे झाले की विभाग बदल. फोन बाईचा, डोळे बाईचे, आणि काय वाचलं याची झडती घेणार हा! काकूचे दोन शेरे झाले होते. दोन्ही त्याच एकाचे. तिसरा सोमवारी पडणार होता.

रविवारी दुपारी ती आमच्याकडे आली आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला.

"तू मोर्चे काढतं ना वं? मंग हा एक काढून दे."

मी विचारलं, "सगळे मेसेज वाचले ना नक्की?" विचारल्यावर कळलं की सुपरवायझरही हेच विचारतो.

"मले वाचता येते. तुह्याहून हळू, पण येते."

मी कामाला लागले. एकेक चॅट उघडलं, शेवटपर्यंत सरकवलं. एक तसाच. फोन बंद करून चालू केला. एक तसाच. अ‍ॅप काढून टाकलं, पुन्हा टाकलं, पासवर्ड घातला. बाकी काही दिसायच्या आधी एक हजर.

"पाहुणा दिसते," काकू म्हणाली. "जाऊनच नाही राहिला."

मी चिडले. चिडले की मी कागद ओढते. बसल्या बसल्या पत्रक लिहिलं: 'लाल आकड्याची दादागिरी बंद करा! कामगार म्हणजे यंत्र नव्हे!' सहा मागण्या, तीन उद्गारचिन्हं. काकूला वाचून दाखवलं. तिनं चहा संपेपर्यंत मन लावून ऐकलं.

"मस्त आहे. पण उद्या फाटकावर मी काय दाखवू? हा कागद?"

मी कागदाची घडी घालून बाजूला ठेवली.

काकू हातमागवाल्यांच्या घरात वाढली. धागा तुटला तर त्याचं टोक सापडेपर्यंत ते लोक मागावरून उठत नाहीत. तिनं फोन हातात घेतला, आकड्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "अ‍ॅप काढलं तरी परत आला. म्हणजे हा माह्या फोनात नाहीच ना वं. तिकडं गिरणीच्या अ‍ॅपात कुठीतरी बसून आहे."

एवढं साधं! मी तासभर फोनलाच झोडपत होते.

लॅपटॉप काढला. तेच अ‍ॅप ब्राउझरमध्ये उघडलं, तिच्या नावानं आत गेलो. डावीकडे गटांची यादी. खाली, अगदी तळाशी, फोनवर कधीच न दिसलेली एक ओळ: बंद केलेले गट. ती दाबली. आत तिच्या जुन्या लाइनचा गट निघाला. पॅकिंगच्या दोन लाइनी एकत्र झाल्या तेव्हा सुपरवायझरनं तो बंद केला होता. गटाचं नाव ठळक अक्षरात, आणि शेजारी आमचा एक.

मी दाबणारच, तर काकूनं माझं मनगट धरलं.

"थांब वं! आधी फोटो काढ. मिटला का मंग कोण मानते?"

मी मोठी आंदोलनवाली. पुरावा मीच पुसायला निघाले होते.

फोटो काढला. गटाचं नाव, एक, गट बंद केल्याची वेळ, सगळं काकूच्या फोनात आलं. मग उघडलं. सुपरवायझरचा मेसेज होता, गट बंद करण्याच्या एक मिनिट आधी टाकलेला. कुठलीही सूचना नव्हती. दव पडलेला लाल गुलाब, दोन कबुतरं आणि चमकत्या अक्षरात 'शुभ सकाळ'. त्याचाही फोटो काढला.

काकू इतकी हसली की पंप काढावा लागला. तेवढ्यात तिच्या फोनवरचा एक गेला. फुंकर मारल्यासारखा.

सोमवारी कंपनीच्या बसमागे मी गाडी घेऊन गेले आणि फाटकाबाहेर उभी राहिले. रांगेत काकूची पाळी आली. फोन स्वच्छ.

"पाहा," सुपरवायझर म्हणाला, "मनावर घेतलं का होते का नाही?"

माझं डोकं सणकलं. तोंड उघडणार, तोवर काकूनं फोटो पुढे केला होता.

"साहेब, हा गुलाब कोणाचा होय?"

त्यानं पाहिलं. "ग्रुपवर टाकला असन."

"टाकला अन् लगेच ग्रुप बंद केला. फोनात दिसतच नव्हता तर मी वाचू कसा? माह्यावर दोन शेरे काहून मंग?"

मागची बाई पुढे सरकली. "माह्यावरही शेरे आहेत. मीही त्याच लाइनची."

रांगेतून कोणीतरी ओरडलं, "मलेबी गुलाब देल्ला का गा साहेब?"

सगळी रांग हसली. हसली आणि हलेना. आत भोंगा झाला, तरी एकही बाई आत जाईना. शेवटी आतून कामगार अधिकारी आला, फोटो पाहिला, गुलाब पाहिला, सुपरवायझरकडे पाहिलं. वही मागवली. त्या लाइनच्या बायकांचे शेरे त्यानं तिथंच आडवी रेघ मारून खोडले.

"सही करा साहेब," काकू म्हणाली. "अन् तारीख टाका."

त्यानं सही केली. तारीख टाकली. त्या दिवशी बाकीचे फोन न पाहताच रांग आत सोडली, आणि पुढे ती झडती परत सुरू करायची हिंमत कोणाला झाली नाही.

जेवणाच्या सुट्टीत काकूचा फोन आला.

"पॅकिंगलेच आहो. आवाज येते का?"

मागे खोक्यांवर चिकटपट्टी ओढल्याचा चर्र चर्र आवाज येत होता.

"येतो," मी म्हणाले.

"मंग ठेव. काम आहे मले."