बिडवे सरांचा आवाज

माझ्या नकलांवर तुम्ही पोट धरून हसता. पण एक नक्कल मी कधीच करत न्हाई — का, ते आजवर कुणाला सांगितलं न्हाई. बायकोलाबी न्हाई.

भूकंपानंतरचे दिवस. लातूरच्या एका दवाखान्याच्या लॅबमधी मी नवाच लागलो होतो. जखमेतलं मांस काचेवर घासायचं, जांभळा रंग, आयोडीन, मग स्पिरिटनं धुवायचं, शेवटी लाल रंग. जांभळ्या जाड काड्या दिसल्या की समजायचं — मांस सडवणारे जंतू हायत, थांबायला येळ न्हाई.

"स्पिरिट थेंब थेंब, बरं का! जादा झालं की जांभळं सगळं निघून जातं." आमच्या लॅबचे प्रमुख बिडवे सर हे नाकातून म्हणायचे. ते नाक मी दोन दिवसांत उचललं.

औशाकडचे करीमचाचा, टेलर. माळवद कोसळून पाऊल चिरडलेलं. जखमेतला तुकडा आणायला वार्डात गेलो, तर डॉक्टरांची नक्कल करून चाचांना हसवलं. "हँसाओ नक्को रे, पाँव दुखता," म्हणाले. "जल्दी देख. मेरी मशीन राह देखरी." शिलाईची मशीन — पायानं चालवायची.

सर घटकाभर बाहेर गेले होते. लॅबमधल्या वंदनाला हसवायचं म्हणून मी चाचांची स्लाइड धुता धुता सर झालो — "थेंब थेंब, बरं का!" — आन् बाटली ओततच राहिलो. ती हसत हसत वार्डात गेली. मी खाली बघितलं. लाल रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर सगळं गुलाबीच. स्लाइड वाया गेली हे कळलं मला. कळलं होतं. बरणीत तुकडा शिल्लक होता — दुसरी करायला किती येळ लागला असता?

फोन वाजला. वार्डातल्या सिस्टर. "बिडवे सर का? डॉक्टर इचारून राहिलेत, चाचांच्या तुकड्यात जंतू दिसले का? पाऊल आजच काढायचं का?"

मी बोलतोय म्हणालो असतो, तर सरांना बोलवा म्हणाल्या असत्या. सरांनी स्लाइड बघितली असती. मग?

मी नाकातून बोललो. "जांभळं काही न्हाई सिस्टर, बरं का."

फोन ठेवला. परत उचलता आला असता — न्हाई उचलला.

सकाळी चाचांचा पाय मांडीपर्यंत फुगला. सरांनी स्वतः शिल्लक तुकडा रंगवला. काड्याच काड्या. पाऊल काढून भागलं असतं — पाय मांडीतून काढावा लागला.

डॉक्टर सगळ्यांदेखत सरांवर ओरडले. सर गोंधळले. "म्या सांगितलं?... आसंल. दिवसभर फोनच चालू हायत." मी शेजारी काचा धूत होतो. हात थांबला न्हाई माझा.

त्यानंतर सरांनी कधी फोनवर रिपोर्ट दिला न्हाई.

आता नांदेडात लॅबचं काम शिकणाऱ्या पोरांच्या क्लासमधी मी स्लाइड रंगवायचा हाच धडा शिकवतो. "सर, तुमच्या सरांची नक्कल करा की!" पोरं दरसाल म्हणतात. मी फळ्याकडं वळतो.

चाचांनी मशीन विकली म्हणे. सर वारले — चूक आपलीच, असं समजून वारले. त्यांची नव्हती. फोनवर मी होतो.